शालनने गाळलेली ओळ

शालन ओव्हाळ ही इंदुरीची पोस्टीण. खात्याच्या कागदावर तिच्या हुद्द्याला चांगलं लांबलचक नाव आहे, पण ते उच्चारायला गावाला वेळ कुठला? गेली एकोणीस वर्षं ती सायकलवरून टपाल वाटते. सकाळी तळेगावहून पिशवी आणायची, इंद्रायणीवरचा पूल ओलांडायचा, शिक्के मारायचे, आणि मग गढीमागची आळी, मळे, नदीकाठच्या वस्त्या करत उन्हं कलायच्या आत परतायचं. हल्ली टपालात येऊन येऊन येतं काय, तर बँकेचे कागद, आधारकार्डं आणि पोरींनी मोबाईलवरून मागवलेल्या लिपस्टिका. तरी गाव तिची वाट बघतं, कारण पोस्टीण नुसती पत्र टाकून जात नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देते. खात्याच्या नियमांत हे काम कुठेच नाही, पण उंबऱ्यावर बसलेली म्हातारी कागद पुढे करून "वाच गं" म्हणाली, तर तिला नियम कोण सांगणार?

वाचनाच्या बाबतीत शालन हट्टी. कागदावर जे असेल ते सगळं वाचायचं, वरच्या जावक क्रमांकापासून खालच्या सहीपर्यंत. एकदा एका आजोबांनी विम्याच्या कंपनीचं पत्र ऐकता ऐकता कंटाळून "मुद्द्याचं तेवढं सांग" म्हटलं. शालन म्हणाली, "आबा, मुद्द्याचं कुठलं ते मी ठरवायला लागले तर उद्या तुमी माझ्यावर इस्वास ठेवताल का?" आजोबा पुढची दोन पानं ऐकता ऐकता झोपले.

लीलाबाईंचं घर मळ्यात, आंबीकडे जाणाऱ्या रस्त्याला. शालन नोकरीला लागली तेव्हा ती कुठल्या वस्तीतली हे तिने नाव सांगायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं. दोन-तीन दारांत तिला टपाल उंबऱ्यावर ठेवायला सांगत, हातात घेत नसत. लीलाबाई मोठ्या घरच्या, शेतीवाल्या, पण त्यांनी पहिल्याच दिवशी हाक मारली, "अगं उनात काय हुबी ऱ्हातीस, आत ये की." आणि घरातल्याच कपात चहा दिला. शालनने ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नाही, आणि कधी विसरलीही नाही. लीलाबाईंना सही येते, वाचता येत नाही. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा बाई सही शिकल्या आणि तेवढ्यात भाताची लावणी आली.

आता कॅमेऱ्याचं सांगायला हवं. शालनचा मुलगा गौरव लोणावळ्यात सायकलींच्या दुकानात कामाला आहे. पहाटे पुण्यातून निघून घाट बघायला येणारी मंडळी तिथे थांबतात. अंगाला चिकटलेले कपडे, दोन लाखांची सायकल आणि हातात वीस रुपयांचा वडापाव. त्यांच्या हेल्मेटला बोटाएवढे कॅमेरे असतात. कोणी गाडीवाला अंगावर आला की ते त्याचा व्हिडिओ पोलिसांच्या नंबरवर पाठवतात, आणि गाडीवाल्याला दंडाचा निरोप जातो. त्यातल्या एकाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना दुकानात टाकून गेला. गौरवने तो आईच्या सायकलच्या दांड्यावर बसवला, कारण तळेगाव-चाकण रस्ता कंटेनरवाल्यांना आंदण दिल्यासारखा आहे आणि आई रोज त्यावरून जाते. त्याने तिला तीन गोष्टी शिकवल्या. गाडीचा नंबर दिसला पाहिजे, वेळ दिसली पाहिजे, आणि व्हिडिओ मधे कुठेही कापायचा नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव पोलीस कोणाला सांगत नाहीत, हेही त्याने सांगून ठेवलं.

शालन काही ऊठसूट तक्रारी करणारी नव्हे. हॉर्न वाजवला, चिखल उडवला, हे तिने एकोणीस वर्षं पोटात घातलेलं. वर्षभरात तिने सात व्हिडिओ पाठवले असतील. एकदा एका हवालदाराचा फोन आला. "मॅडम, व्हिडिओ चांगला आहे, पण तुमची ती पिशवी फार मधे येते." तेव्हापासून ती पिशवी मागच्या कॅरिअरला बांधते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मावळात गुलाबाला फार घाई असते. पॉलिहाऊसमधून खोकी भरून गाड्या सुटतात आणि ड्रायव्हर दोन-दोन दिवस झोपत नाहीत. त्या मंगळवारी सव्वादहाला शालन पुलावर होती. समोरून कंटेनर येत होता. मागून एका पांढऱ्या पिकअपने हॉर्न दाबूनच धरला. पुलावर तिघांना जागा नव्हती, हे कंटेनरला दिसत होतं, शालनला दिसत होतं, पिकअपला दिसलं नाही किंवा थांबायचं नव्हतं. पिकअपचा आरसा तिच्या कोपरावर बसला, ती कठड्यावर आदळली, कॅरिअरवरची पिशवी सुटली आणि टपाल रस्ताभर झालं. तीन पत्रं कठड्याच्या फटीतून खाली गेली. ती पाण्यावर तरंगत तरंगत पुढे जाताना शालनने पाहिली. पिकअप तोवर पूल ओलांडून गेली होती.

कोपर सुजलं, रक्त आलं. त्याचं तिला फार काही वाटलं नाही, गावात तिने कोणाला सांगितलंही नाही. आपलं कोपर आपलं असतं, टपाल दुसऱ्याचं असतं. एकोणीस वर्षांत तिच्या हातून एक पोस्टकार्ड हरवलं नव्हतं. तिने वरच्या ऑफिसला लेखी कळवलं, ज्यांची पत्रं गेली त्या तिन्ही घरी जाऊन हात जोडले, आणि संध्याकाळी काय घडलं ते एका वाक्यात लिहून व्हिडिओ पाठवून दिला. गाडी कोणाची हे तिला ठाऊक नव्हतं. कोरा करकरीत नंबर होता, आणि पांढऱ्या पिकअपा मावळात बैलांपेक्षा जास्त झाल्या आहेत.

मार्च महिन्यात लीलाबाईंच्या मुलाच्या, माऊलीच्या नावाने आरटीओचं स्पीड पोस्ट आलं. माऊली चौतिशीचा, गुलाबाची वाहतूक करायचा, शालनला ताई म्हणायचा. तो घरी नव्हता. पोच म्हणून लीलाबाईंनी शालनच्या मोबाईलच्या काचेवर बोटाने सही केली, जीभ दातात धरून, सावकाश.

"नव्या गाडीचं काय तरी आसंल," त्या म्हणाल्या. "फोड आन वाच."

"नवी गाडी कधी घेतली, मावशी?"

"आगं, जानेवारीत. पांढरी पिकअप. पेढं दिलं न्हवतं व्हय तुला?"

शालनने पाकीट फोडलं आणि सवयीने वरून वाचायला सुरुवात केली. जावक क्रमांक, दिनांक, विषय. चौथ्या ओळीला तिची जीभ अडखळली. तारीख फेब्रुवारीची होती, मंगळवार, सव्वादहा, इंदुरी पूल. पुढची ओळ अशी होती: "सदर वाहनाने सायकलस्वारास मागून धडक दिली, सायकलस्वार जखमी झाला व चालक न थांबता निघून गेला." सरकारने त्याचे कपडे बदलले होते, पण वाक्य शालनने तक्रारीत लिहिलेलंच होतं.

शालनची पाचावर धारण बसली. समोर लीलाबाई पायावर पाय टाकून ऐकत होत्या, हातात तिच्यासाठी ओतलेला चहा. तिने ती ओळ गाळली. थेट शेवटावर गेली, "तरी आपला वाहन चालवण्याचा परवाना निलंबित का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा."

"म्हंजी? केलं काय त्यानं?"

"जोरात चालवली म्हनत्यात, मावशी. पुलावर पुढं घातली. कोनीतरी व्हिडिओ पाठवलाय."

लीलाबाई उसळल्या. "कोन मेला आसंल गं? दिसरात राबतंय पोरगं, त्ये ह्यांच्या डोळ्यात खुपतंय. हात झडतील मेल्याचं!"

शालनने त्याच हाताने चहाचा कप उचलला आणि कोपरातून कळ आली. चहा तसाच ठेवून ती निघाली. तिने पुढची सात घरं कशी केली हे तिला आठवत नाही. रात्री गौरवला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तुझं नाव कुठेच नाही. तू कशाला जीव जाळतेस? गप्प बस, महिन्याभरात सगळे विसरतील." पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. पण शालनला तक्रारीचं वाईट वाटतच नव्हतं. वाईट वाटत होतं त्या ओळीचं. आपण एका आईला तिच्या मुलाबद्दल अर्धंच वाचून दाखवलं, आणि ती अर्ध्यावर विश्वास ठेवून बसली आहे, हे तिला टोचत होतं.

आणि दैव असं विनोदी, की तिसऱ्या दिवशी माऊलीचाच फोन. "ताई, उद्या येताना कोरा कागद आना. आरटीओला खुलासा लिवायचाय. तुमचं अक्षर बी चांगलं आन सरकारी भाषा तुमालाच येती."

शालन नको म्हणू शकली असती. ताप आला, पिशवी जड आहे, काहीही. एकोणीस वर्षांत तिने कोणाला अर्ज लिहून द्यायला नाही म्हटलं नव्हतं, म्हणून ती गेली. धरलं तर चावतं अन् सोडलं तर पळतं, अशी गत.

ओट्यावर माऊली बसला होता, बाजूला लीलाबाई. शालनने मांडीवर पाट घेतला, कागद ठेवला, "प्रति, मा. अधिकारी" लिहिलं.

"लिवा ताई," माऊली म्हणाला. "मी माझ्या बाजूनं सावकाश चाललो व्हतो. सायकलवाला अचानक मधी आला. मी गाडी बाजूला घेतली म्हनून तो वाचला."

"सायकलवाला अचानक" इथपर्यंत लिहून शालनचं पेन थांबलं.

"लिव, लिव," लीलाबाई म्हणाल्या. "आन हे बी लिव, का कुनाला खरचटलं बी न्हाई, उगा तक्रारी करत्यात."

माऊलीने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान शालनने बघितली आणि तिला कळलं, की नोटीस त्याने स्वतः वाचली आहे, आणि ती ओळ त्यानेही आईला सांगितलेली नाही. एकच ओळ ती आणि माऊली दोन बाजूंनी दाबून बसले होते.

तिने पेनाला टोपण लावलं. "मावशी, परवा मी एक ओळ वाचली न्हाई."

"आं?"

"तुमाला वाईट वाटंल म्हनून, आन मला भ्या वाटलं म्हनून बी. आता वाचते." तिने नोटीस मागितली. माऊलीने खिशातून काढून दिली, न बघता. शालनने पहिल्यापासून वाचली. धडक दिली, जखमी झाला, न थांबता निघून गेला.

लीलाबाई मुलाकडे वळल्या. "मानूस पडलं?"

"आरसा घासला, आई. मला वाटलं नुसता घासला."

"थांबला न्हाईस?"

"गाडीत गुलाब व्हतं. दोन रातीची झोप न्हवती मला. मागं आरशात बघितलं, तो उठून बसल्याला दिसला, म्हनून..."

"तो न्हवता," शालन म्हणाली. "मी व्हते."

तिने ब्लाऊजची बाही वर सरकवली. कोपरावर अजून काळपट डाग होता आणि हात पूर्ण सरळ होत नव्हता. माऊलीचा चेहरा उतरला. तो उठला, परत बसला.

"तुमी केली तक्रार? माझ्यावर?"

"गाडी तुझी हे ठाऊक न्हवतं."

"आन ठाऊक आसतं तर?"

शालनने विचार केला. खोटं बोलायचं तर इतकं कशाला बोलली असती? "ठाऊक आसतं तर भौतेक केली नसती. आन त्ये बी चुकलंच आसतं."

"एक फोन करायचा ताई," माऊलीचा आवाज चिरकला. "घरी येऊन चार शिव्या घालायच्या. मी पाय धरलं आसतं तुमचं. हे आरटीओ, हे कागद... मी काय परका हाय का?"

त्याचंही खोटं नव्हतं. गावात वाद असाच मिटतो, ओट्यावर, चहा पिऊन. पण ओट्यावर मिटलेल्या वादाने पुलावरची गाडी हळू होत नाही, हे शालनला ठाऊक होतं. ती लीलाबाईंकडे बघत होती.  त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. शालन थोडा वेळ थांबली. आतून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. मग तिने तो अर्धा लिहिलेला कागद पाटावर तसाच ठेवला, सायकल काढली आणि निघाली. पुलापर्यंत येईस्तोवर ती रडत होती. कॅमेरा चालूच होता, पण त्याला फक्त रस्ता दिसत होता.

गावात बातमी पसरायला टपाल लागत नाही. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं, की पोस्टीण कॅमेरा लावून फिरते आणि गावातल्याच पोराला तिने अडकवलं. कोणी भांडायला आलं नाही. भांडण परवडलं असतं. झालं असं, की गढीमागच्या एका काकूंनी बँकेचा कागद हातात घेऊन म्हटलं, "राहू दे बाई, पोरगं आल्यावर वाचंल." मग आणखी एका घरात तेच. विम्याचं पत्र ऐकता ऐकता झोपलेले आजोबासुद्धा म्हणाले, "ठेव तिकडं, बघू मग." शालन टपाल देत राहिली. ज्या कामाचं खातं तिला काही देत नव्हतं तेवढंच काम बंद पडलं होतं, आणि तेच गेल्यावर तिला आपली पिशवी रिकामी वाटायला लागली. एका सकाळी तिने कॅमेरा काढून फडताळात ठेवला. पुलावर एक डंपर खेटून गेला. दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा परत बसवला.

लीलाबाईंच्या घरी महिनाभर काही टपाल आलं नाही. सायकल तिथून जायची तेव्हा दार अर्धं लोटलेलं असायचं. माऊलीने खुलासा लिहिला का, काय लिहिला, हे तिला विचारता येईना.

एप्रिलच्या मध्यावर आरटीओचं दुसरं पाकीट आलं.

लीलाबाई ओट्यावर चिंचा फोडत होत्या. शेजारी माऊलीची मुलगी सृष्टी, पाचवीतली, चिंचोके गोळा करत होती. शालन पायरीखालीच उभी राहिली. लीलाबाईंनी चिंचेचे हात पदराला पुसले, काचेवर सही केली. शालनने पाकीट दिलं आणि सायकलकडे वळली.

"कुटं चाललीस? वाच की."

शालनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सृष्टी हाय ना, मावशी. मोठी झाली आता. ती वाचंल."

"ती? परवा शाळंचं पत्र आलं, निम्मं वाचलंन. मार्क कमी पडल्यालं त्ये गिळून टाकलंन." सृष्टीने चिंचोक्यांत मान घातली. "बाप तसा, लेक तशी. ह्या घरात समदी मला बरं वाटंल तेवढंच वाचून दावत्यात. तू बी गाळलंस एकदा. पन तुज्यामागं कोन लागलं न्हवतं, तरी तू माघारी येऊन सांगितलंस. महिनाभर मी तुज्यावर लय रागावले. आजून बी हाय थोडी. बस हितं."

शालन ओट्यावर बसली. तिने पाकीट फोडलं. तिने जावक क्रमांकापासून सुरुवात केली. दिनांक, विषय, संदर्भ. "आपण आपल्या लेखी खुलाशात धडक दिल्याचे व न थांबल्याचे मान्य केले असून त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. ही बाब विचारात घेऊन आपला परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात येत आहे." मग कलमं, मग परवाना जमा करायची तारीख, मग अधिकाऱ्याची सही.

लीलाबाई चिंच फोडायच्या थांबल्या होत्या.

"परत वाच."

"तीन महिन्याचं?"

"न्हाई. त्याच्या आदलं. त्यानं कबूल केल्यालं."

शालनने ती ओळ परत वाचली. मग लीलाबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तिने तिसऱ्यांदाही वाचली.